मुलाला गेम इंडस्ट्रीत जायचंय. ठाण्यातला डिप्लोमा घ्यावा की इंजिनिअरिंगला घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारावी सायन्सला, घर कोपरखैरण्याला. ठाणे स्टेशनजवळची एक संस्था साडेतीन लाखांत दीड वर्षाचा गेम डिप्लोमा देते. तिथल्या काउन्सेलर म्हणाल्या, "गणित लागत नाही, इंजिनच सगळं करतं." मग डिप्लोमा की इंजिनिअरिंग?

डिप्लोमा नको. उत्तर इथेच संपलं असतं, पण ते गणिताचं वाक्य तुम्ही लिहिलंत, म्हणून आता सगळं ऐका. फ्रेशर्सनी पाठवलेले गेम तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि ते ज्या कारणांनी परत जातात ती बहुतेक कारणं अकरावी-बारावीच्या पुस्तकात सापडतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक घ्या. कॅमेरा खेळाडूच्या मागे अलगद यावा म्हणून दर फ्रेमला (स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) उरलेल्या अंतरातलं १० टक्के कापायचं, ही युक्ती ढीगभर ट्यूटोरियलमध्ये आहे. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे 'इंजिन'मध्ये, लर्प (दोन जागांमधला ठरावीक हिस्सा काढणारं फंक्शन) वापरून ती एका ओळीत बसते. म्हणजे प्रत्येक फ्रेमनंतर अंतर ०.९ पट उरतं. पीसीवर सेकंदाला ६० फ्रेम चालल्या तर अर्ध्या सेकंदात ३० फ्रेम होतात. ०.९ चा ३० वा घात साधारण ०.०४, म्हणजे कॅमेरा जवळपास पोचलाच. आता तोच गेम फोनवर टाका. वेगळं काही सांगितलं नसेल तर युनिटी मोबाइलवर ३० फ्रेमने चालतं. अर्ध्या सेकंदात १५ फ्रेम, आणि ०.९ चा १५ वा घात ०.२१. एक पंचमांश अंतर अजून बाकी! खेळाडू स्क्रीनच्या कडेला जातो, पुढचा खड्डा दिसत नाही, आणि मुलगा सांगतो की फोन स्लो आहे.

मग कोणीतरी सुचवतं की ०.१ च्या जागी वेग गुणिले डेल्टाटाइम (मागच्या फ्रेमला लागलेला वेळ) लिही. त्याने सुधारतं, पण पुरतं नाही. वेग १० ठेवला आणि फोन अडकून एखादी फ्रेम ०.१ सेकंदाची झाली, की गुणाकार १ येतो आणि कॅमेरा झटक्यात उडी मारतो. बरोबर गुणक म्हणजे १ वजा ई चा घात, आणि त्या घातात उणे के गुणिले डेल्टाटाइम (के हा आपण निवडायचा आकडा). ६० फ्रेमवर जुन्या ०.१ सारखीच चाल हवी असेल तर के साधारण ६.३ येतो, कारण ०.९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे ०.१०५ आणि त्याला ६० ने गुणायचं. हे बारावीचं गणित झालं. ते लागत नाही म्हणणाऱ्यांनी आपला गेम फोनवर चालवून पाहिलेला नसतो.

दुसरी चूक उडीची. युनिटीत फिजिक्स ०.०२ सेकंदाच्या ठरलेल्या टप्प्याने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतं. स्क्रीनच्या फ्रेमचा आणि त्याचा ताल वेगळा. बटण दाबलं का हे फिक्स्डअपडेटमध्ये (फिजिक्सच्या टप्प्याला चालणाऱ्या कोडमध्ये) तपासलं, तर ६० फ्रेमवर अधूनमधून अशी फ्रेम येते जिच्यात फिजिक्सचा टप्पाच नसतो, आणि ते दाबणं हरवतं. ३० फ्रेमवर उलटं होतं. एका फ्रेममध्ये कधी दोन टप्पे पडतात, "आत्ताच दाबलं" हे दोन्हींना खरं दिसतं, आणि जोर दोनदा लागून खेळाडू छताला जाऊन आपटतो. उपाय सोपा: इनपुट अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) वाचायचं, एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, फिक्स्डअपडेटमध्ये वापरून लगेच पुसायचं. पण उपाय पाठ असून भागत नाही. मुलाखतीत मी "हे कधीकधीच का होतं" असं विचारते, आणि तिथे भागाकार करूनच सांगावं लागतं.

गोळी भिंतीतून आरपार जाते, तेही यातलंच. ३० मीटर प्रतिसेकंद वेगाची गोळी एका टप्प्यात ०.६ मीटर पुढे सरकते. भिंत ०.२ मीटर जाडीची असेल तर एका टप्प्याला गोळी अलीकडे, पुढच्याला पलीकडे, आणि टक्कर कोणी पाहिलीच नाही. कंटिन्युअस कोलिजन (टप्प्यांच्या मधली टक्करही तपासणारी सोय) लावायचं, किंवा दोन जागांच्या मधून किरण सोडून तपासायचं. गेममधल्या पहारेकऱ्याच्या नजरेचंही तसंच. ६० अंशांच्या शंकूसाठी त्याच्या नजरेची दिशा आणि खेळाडूकडची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट ०.८६६ शी ताडायचा असतो, पण आधी दोन्ही सदिश एकक (लांबी १ चे) करावे लागतात. ते राहिलं की दूरचा खेळाडू बराच बाजूला उभा असला तरी "दिसतो".

यावर हल्ली ठरलेलं उत्तर मिळतं, की एवढं चॅटबॉट लिहून देतो. देतो ना. पण घात हवाय की गुणाकार, हे मागणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर समोर आलेलं उत्तर चूक आहे हे त्याला कळणार कसं?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, किंवा मुंबई विद्यापीठाचं बीएससी आयटी नाहीतर कॉम्प्युटर सायन्स. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात जे कॉलेज जवळ पडेल ते. कॉलेजच्या नावावर गेम स्टुडिओ फारसं काही ठरवत नाहीत. कॉलेजात त्याने डेटा स्ट्रक्चर्स, लिनिअर अल्जिब्रा आणि ऑपरेटिंग सिस्टिम नीट केलं आणि सी++ला घाबरला नाही तर बाकीचं घरी होतं. शिवाय गेमचं जमलं नाही तर हीच डिग्री घेऊन ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत जाता येतं. डिप्लोमाच्या कागदावर तिथे कोणी उभं करणार नाही.

पदवीनंतर डिझाइनकडे वळावंसं वाटलं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स पदवी) आहे, तिच्याच डॅट या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. मुंबईत २०२५ मध्ये आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) ही संस्थाही सुरू झाली आहे. तिथली मुलं बाहेर पडून काय करतात ते दिसू दे, मग बोलू.

फीमधून वाचलेल्या पैशातला थोडा भाग चांगल्या मशीनला द्या: १६ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. त्याबरोबर एक जुना, ३ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन घ्या. हा फोन मशीनपेक्षा महत्त्वाचा. मुलांचे गेम त्यांच्या मशीनवर मरत नाहीत, अशा फोनवर मरतात. मुलगा म्हणेल, चित्र फक्त ३०० केबीची पीएनजी आहे. पण मेमरीत ती उलगडते. २०४८ बाय २०४८ चं चित्र कॉम्प्रेस न करता १६ एमबी खातं, मग मूळ फाइल कितीही लहान असो. तेच एएसटीसी ६ बाय ६ या कॉम्प्रेशनमध्ये २ एमबीच्या आत बसतं. कॉम्प्रेस न केलेली अशी वीस चित्रं मेनूतच लोड केली की अँड्रॉइड गेम बंदही करून टाकू शकतं, आणि मुलाला वाटतं क्रॅश झाला. दर फ्रेमला स्कोअरची नवी स्ट्रिंग बनवणं, प्रत्येक गोळी नव्याने तयार करून नष्ट करणं, यातून मेमरीत कचरा साठतो आणि तो उचलताना गेम अडखळतो. ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात सगळं मावायला हवं. प्रोफायलर (कशाला किती वेळ लागला ते मोजणारं साधन) फोन जोडून चालवायचा, पीसीवरच्या एडिटरमधले आकडे धरायचे नाहीत. आणि सेव्ह गेम "क्विट" झाल्यावर करायचं नाही. फोन आला, गेम मागे गेला, सिस्टिमने मारला, तर क्विटची सूचना येईलच असं नाही. पॉजला सेव्ह करायचं.

बनवायचं काय? एक स्क्रीन, एक कृती, तीन मिनिटं. ठाणे-नवी मुंबईच्या पोरांना हमखास दहीहंडी सुचते. कल्पना छान आहे, पण बनवायची पद्धत बहुतेकांची चुकते. प्रत्येक गोविंदाला रिजिडबॉडी (फिजिक्सने हलणारं शरीर) लावून नऊ थर जॉइंटने (दोन शरीरं जोडणाऱ्या सांध्याने) बांधतात. युनिटीचा सॉल्व्हर (हे सांधे जुळवणारा हिशेब) मुळात दर टप्प्याला ६ फेऱ्या करतो, खालचे हलके आणि वरचे जड झाले की त्याला तोल साधत नाही, आणि थर लावल्याक्षणी सगळे थरथरत हवेत उडतात. फेऱ्या वाढवल्या तर फोन तापतो. खरं तर एवढी शरीरं लागतच नाहीत. अख्खा मनोरा एक उलटा लंबक धरा: एक कोन, एक कोनीय वेग. त्वरण म्हणजे जी (गुरुत्वत्वरण) भागिले उंची गुणिले कोनाची साइन, अधिक खेळाडूने दिलेला जोर. आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने कोन. थर चढला की उंची वाढते. सूत्रात उंच मनोरा सावकाश कलतो, म्हणून अवघडपणा वाढवायचा तर गोविंदांचा जोर कमी करायचा किंवा वारा घालायचा. गोविंदा ही नुसती चित्रं, त्या कोनात वाकवलेली. हे वीसेक ओळींत होतं आणि जुन्या फोनवर लोण्यासारखं चालतं. असं ज्याने पाठवलं त्याला मी डिग्री न विचारता बोलावेन.

प्रोजेक्ट गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) ठेवायचा. युनिटी स्वतः बनवतं ते लायब्ररी फोल्डर टाकायचं नाही, प्रत्येक फाइलसोबतच्या मेटा फाइल मात्र न विसरता टाकायच्या, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर सगळे संदर्भ तुटतात. १०० एमबीवरची फाइल गिटहब सरळ नाकारतं. गेम आधी इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर, ते फुकट आहे. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात. सोसायटीतली पोरं आत्तापासून पटवा. स्टीम या पीसी गेमच्या दुकानात एका गेममागे १०० डॉलर लागतात, त्याची घाई नको.

इंजिन कोणतं यावर वाद घालण्यात कॉलेजची तीन वर्षं जातात. मोबाइल स्टुडिओ बहुतांशी युनिटी आणि सी#, मोठे पीसी-कन्सोल गेम बरेचसे अनरिअल आणि सी++, स्वतःसाठी गोडो. एक धरावं. वर सांगितलेलं तिन्हींत लागू आहे, फक्त नावं बदलतात.

नोकऱ्या मात्र ठाण्यात दाराशी नाहीत. युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून आहे, तशीच दुसरी कंपनी रॉकस्टार बेंगळुरूला. २०२० चा 'राजी' हा गेम पुण्याच्या छोट्या टीमने केला. पुण्यात राहायची तयारी हवी. आणि फ्रेशरला "गेम डिझायनर" म्हणून कोणी घेत नाही, ते पद सहसा आतून मिळतं. दार दोनच: ज्युनिअर प्रोग्रामर किंवा टेस्टर. टेस्टर म्हणजे दिवसभर खेळत बसणारा, असं नातेवाईक म्हणतील, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही सीनिअर प्रोग्रामरही म्हणतात. चांगला टेस्टर लिहितो: बिल्ड नंबर, फोनचं मॉडेल, क्रमाने पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. "गेम हँग होतो" एवढंच लिहिणाऱ्याला प्रोग्रामर काय करणार? वरची दुप्पट जोराच्या उडीची चूक ३० फ्रेमवर येते, हे शोधून देणारा टेस्टर माझ्या लेखी अर्धा प्रोग्रामर झालेला असतो.

तरीही संस्थेत जाऊन यायचं असेल तर मागच्या बॅचचे गेम मागा. व्हिडिओ नको, तुमच्या स्वतःच्या फोनवर टाकून घ्या. शिकवणाऱ्याचा प्रकाशित झालेला गेम कोणता, हेही विचारा. फी हप्त्याने भरता येते का, आणि कोर्स मध्येच सोडला तर परत किती मिळते, हे लेखी घ्या.

मुलगा चित्रं काढणारा असेल, तर यातलं बरंचसं त्याला तसं लागू नाही. आर्टिस्टला चांगल्या शिक्षकाच्या क्लासचा उपयोग होतो. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पोर्टफोलिओत दहा अर्धवट मॉडेलपेक्षा इंजिनमध्ये बसवलेलं एक पूर्ण मॉडेल हवं, वायरफ्रेम (मॉडेलची जाळी) आणि यूव्ही (त्यावर चित्र चिकटवायचा नकाशा) यांच्यासकट.

शेवटचं, आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. मुंबई परिसरात "गेमिंग कंपनी"च्या पुष्कळ नोकऱ्या रमी आणि फँटसी क्रिकेटच्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि तिथली बरीच माणसं रिकामी झाली. त्यातले अनुभवी लोक आता ज्युनिअर जागांसाठीही अर्ज करतात, त्यामुळे फ्रेशरला पहिली नोकरी लागायला वेळ लागेल. ऑफर आलीच, तर कंपनीचा पैसा नेमका येतो कुठून हे सही करण्याआधी मुलाला विचारायला लावा.