रेडिएशन २५ ऐवजी १५ वेळाच दिलं, तर उपचार अपुरा राहतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या डाव्या स्तनातली गाठ काढली, स्तन वाचला, आणि आता डॉक्टरांनी १५ वेळा रेडिएशन सांगितलंय. शेजारच्या काकूंना आठ वर्षांपूर्वी २५ वेळा दिलं होतं. उपचार महात्मा फुले योजनेतून चाललेत, म्हणून दहा कमी केले की काय, ही तुमची शंका. शिवाय घरात दोन वर्षांची मुलगी आहे, तिला आजीजवळ जाऊ द्यायचं का, असंही विचारलंय.

मी रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलावर झोपवायचं, अंगावरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवायच्या आणि रोजचा लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचा, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. डोस डॉक्टर आणि फिजिसिस्ट ठरवतात, त्यामुळे आईंच्या फाईलबद्दल मी बोलणार नाही. पण २५ चे १५ कसे झाले ते मी कामावर असतानाच घडत गेलं, आणि ते तुम्हाला नीट सांगावं असं मनापासून वाटतं. योजना नसती, खिशातून लाखो रुपये भरले असते, तरी बहुतेक ठिकाणी आज १५ च सांगितले असते.

आधी हिशोब बघा. रेडिएशनचा डोस ग्रे या एककात मोजतात. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे, २५ दिवस, म्हणजे एकूण ५०. आता रोज २.६७ ग्रे, १५ दिवस, म्हणजे एकूण ४०. बेरजेत १० ग्रे कमी दिसतात, पण शरीराला ही बेरीज तशी कळत नाही. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. निरोगी पेशी पुढच्या काही तासांत बरीचशी डागडुजी करून घेतात. रोजच्या डोसचा घास लहान ठेवला की त्यांना सावरायला वाव मिळतो, आणि कॅन्सरच्या पेशींना मात्र घास लहान की मोठा याने फारसा फरक पडत नाही, असं पूर्वी सगळ्याच कॅन्सरबद्दल धरून चालायचे. स्तनाच्या कॅन्सरने हे गणित चुकवलं. त्याच्या पेशी घासाच्या आकाराला जवळजवळ निरोगी पेशींइतकाच प्रतिसाद देतात. मग रोजचा घास थोडा मोठा आणि एकूण डोस त्या मानाने कमी केला, तर परिणाम तोच मिळायला हवा.

मिळायला हवा आणि मिळतो यांत वीस वर्षांचं काम आहे. कॅनडात १,२३४ बायकांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला २५ वेळा, दुसऱ्याला १६ वेळा. दहा वर्षांनी त्याच स्तनात कॅन्सर परतल्याचं प्रमाण पहिल्या गटात ६.७ टक्के आणि दुसऱ्यात ६.२ टक्के होतं. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००१ या काळात २,२१५ बायकांची 'स्टार्ट-बी' चाचणी झाली. तुमच्या आईंचं वेळापत्रक तिथलंच, ४० ग्रे, १५ वेळा. दहा वर्षांनी स्तनात किंवा जवळच्या लिम्फ गाठींमध्ये (काखेत-मानेजवळ सगळ्यांनाच असतात त्या) कॅन्सर परतला तो २५ वाल्या गटात ५.५ टक्के आणि १५ वाल्या गटात ४.३ टक्के बायकांमध्ये. इतक्या फरकावरून १५ वेळा जास्त गुणकारी असं म्हणता येत नाही, पण अपुरं नक्कीच नाही. आणि स्तन आक्रसणं, सूज राहणं, कातडीवर लाल शिरांचं जाळं दिसणं हे त्रास १५ वाल्यांना कमी झाले.

मग काकूंना २५ का? आठ वर्षांपूर्वी हे निकाल छापून आलेले होते. पण डॉक्टरांच्या मनात एक जुनी भीती होती आणि ती खोटी नव्हती. पूर्वी काही ठिकाणी रोजचा डोस वाढवला, पण एकूण डोस त्या प्रमाणात उतरवला नाही. बायकांच्या काखेतल्या नसा जळल्यासारख्या झाल्या, हात लुळे पडले, आणि हे वर्षं उलटल्यावर दिसलं. ब्रिटनमध्ये अशा बायकांनी १९९०च्या दशकात एकत्र येऊन संघटना उभी केली आणि आपलं काय झालं ते सरकारला आणि डॉक्टरांना ऐकायला लावलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. या क्षेत्रात पाच वर्षांच्या निकालावर पूर्ण समाधान मानत नाहीत, दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात, ते अशाच अनुभवांमुळे. शिवाय काकूंचा स्तन पूर्ण काढला असेल, मानेजवळच्या लिम्फ गाठींनाही लाईट द्यायचा असेल, तर त्या काळी बहुतेक ठिकाणी २५ च देत. तशा पेशंटसाठी चीनमधल्या ८२० बायकांच्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला: १५ वेळा दिलेल्यांत ८.३ टक्के आणि २५ वेळा दिलेल्यांत ८.१ टक्के बायकांमध्ये पाच वर्षांत छातीवर किंवा जवळच्या लिम्फ गाठींत कॅन्सर परतला, म्हणजे सारखंच. काकूंवर चुकीचे उपचार झाले असं मुळीच नाही, त्यांना हे सांगा.

आता तर ५ वेळाही देतात. 'फास्ट-फॉरवर्ड' नावाच्या चाचणीत ब्रिटनच्या ९७ हॉस्पिटलांतले ४,०९६ पेशंट होते आणि तिचा पाच वर्षांचा निकाल २०२० मध्ये आला. तिचे आकडे मी आमच्याकडे नव्या येणाऱ्या मुलामुलींना आवर्जून दाखवते. तीन गट होते: १५ वेळांत ४० ग्रे, ५ वेळांत २७ ग्रे, ५ वेळांत २६ ग्रे. कॅन्सर परतण्याचं प्रमाण अनुक्रमे २.१, १.७ आणि १.४ टक्के, म्हणजे तिन्हीकडे कमीच. पण स्तनाच्या कातडीत आणि मांसात डॉक्टरांना मध्यम किंवा जास्त बदल दिसले ते ४० ग्रे वाल्यांत ९.९ टक्के, २७ वाल्यांत १५.४ टक्के आणि २६ वाल्यांत ११.९ टक्के बायकांमध्ये. २७ आणि २६ मधला फरक रोजच्या हिशोबात ०.२ ग्रे इतकाच. एवढ्याशा फरकाने शरीर वेगळं वागतं. शिवाय काही बायकांचे फोटो काढून, कोणाला कोणता डोस मिळाला हे न सांगता तपासणाऱ्यांसमोर ठेवले होते, म्हणून यावर माझा विश्वास आहे. डोस अंदाजाने किंवा योजनेची मर्यादा बघून कमी-जास्त करत नाहीत, हे तुम्हाला या आकड्यांत दिसेल. ५ आणि १५ यांची तुलना आपल्या देशातल्या बायकांमध्ये करायची चाचणी कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने हाती घेतली आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई मला विसरता येत नाही. दुष्काळी तालुक्यातून यायची, धर्मशाळेत राहायची. २५ सांगितले होते, १७ झाले आणि ऊसतोडीची टोळी निघाली. उचल घेतलेली होती. "आठ राहिलेत ते आल्यावर घेते," म्हणाली आणि गेली. नंतर ती आमच्याकडे आलीच नाही. पाच आठवडे घर सोडून राहणं आपल्या किती बायकांना जमतं? तिला तेव्हा १५ सांगता आले असते, तर तिचा उपचार जायच्या आधीच पुरा झाला असता. म्हणून कोणी १५ ला 'कमी उपचार' म्हटलं की मला राहवत नाही.

रेडिएशन घ्यावंच का, असं घरात कोणी म्हणत असेल तर हेही सांगा. गाठ काढून स्तन वाचवलेल्या १०,८०१ बायकांच्या १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दहा वर्षांत कॅन्सर कुठेही परतण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय ३५ टक्के आणि रेडिएशन घेऊन १९.३ टक्के निघालं.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली म्हणजे गाठीच्या जागेवर 'बूस्ट', म्हणजे तेवढ्याच जागेला जास्तीचा डोस, द्यायचा आहे का. तो द्यायचा ठरला तर पुढे आणखी काही दिवस वाढू शकतात. ऐनवेळी दिवस वाढले म्हणून घाबरू नका. दुसरी, हृदयाबद्दल. बाजू डावी आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांच्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या दर १ ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे टक्के मूळ धोक्याच्या मानाने आहेत, म्हणजे शंभरातल्या सात जणींना त्रास होतो असा अर्थ घेऊ नका. पण हृदयाला डोस किती जाणार आणि श्वास रोखून लाईट द्यायची सोय आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. छाती फुगवून श्वास धरला की हृदय स्तनापासून थोडं लांब सरकतं. आमच्याकडे साठीच्या आज्यासुद्धा दोन दिवसांच्या सरावात हे शिकतात. आईंना घरी आत्तापासून वीस-पंचवीस सेकंद श्वास धरायची सवय करायला सांगा, आधी डॉक्टरांना विचारून.

हे सगळं स्तनाच्या कॅन्सरपुरतं आहे. तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा कोणी पेशंट ओळखीत असेल तर त्याला 'तूही १५ च घे' असं सांगू नका. तिथे ३३ किंवा ३५ वेळा देतात आणि दिवस बुडवणं महागात पडतं. अनेक विकसनशील देशांत मिळून झालेल्या एका चाचणीत तेवढाच डोस आठवड्यात पाचऐवजी सहा वेळा दिला, तर पाच वर्षांनी कॅन्सर आटोक्यात राहिलेले ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले.

कातडी लाल होईल, काळवंडेल, आणि शेवटच्या लाईटनंतर एक-दोन आठवडे ते वाढल्यासारखं वाटेल. तेव्हा हळद, तेल, गरम पिशवी असं काही मनाने लावू नका. सैल सुती ब्लाऊज घाला. आमच्या खुणा घासून काढू नका, हे मी रोज दहा जणींना सांगते.

आणि मुलगी. मशीन बंद झालं की किरणं बंद. आईंच्या अंगात काहीही उरत नाही. पहिल्या दिवशी घरी आल्या की नात मांडीवर बसू दे, फक्त उजव्या बाजूला. डावीकडची कातडी दुखरी असेल.