बेसिन तुंबलं म्हणून माती बंद करू नका

ताई, ऐरोलीच्या शाळेत दुसरीच्या ४२ मुलांना शाडू दिली, निम्म्या हत्तींच्या सोंडा गळल्या, बेसिन तुंबलं आणि ऑफिसने ‘यापुढे फक्त रंगीत क्ले’ असं बजावलं, हे वाचून अगदी ओळखीचं वाटलं. माती कशी मळायची ते तुम्हाला येतंच, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आधी बेसिन, कारण सगळं तिथेच अडतं. शाडू पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. बेसिनखालच्या पाइपच्या वळणात तिचा थरावर थर चढतो. आमच्याकडे तर एका शाळेच्या ऑफिसने प्लंबरचं बिल कलाविभागाच्या माथी मारलं आणि माती बंद केली. चूक हात धुण्याच्या क्रमात होती, पण दोष आला मातीवर. मुलांनी आधी रद्दीला हात पुसावेत, मग पहिल्या बादलीत खळबळावेत, मग दुसऱ्या बादलीत, आणि नळ शेवटी. ४२ मुलांना अशा दोन जोड्या हव्यात. बादल्या दोन दिवस हलवू नका. वरचं निवळलेलं पाणी झाडांना घाला. तळाचा गाळ जुन्या चादरीवर पसरून घट्ट होऊ द्या आणि पुन्हा गोणीत टाका. फरशी ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू नको. ती बारीक धूळ मुलांच्या छातीत जाते.

आता सोंडा. वेगळी वळी करून चिकटवलेली सोंड गळणारच. बारीक भाग आधी सुकतो, आकसतो आणि जाड भागापासून सुटतो. दर मुलाला ३०० ग्रॅमचा एकच गोळा द्या (४२ जणांना साधारण १३ किलो) आणि सोंड त्यातूनच चिमटीत धरून ओढायला सांगा. बोटाएवढी जाड, टोक पायाला टेकलेलं. कान चिकटवायचेच असतील तर दोन्ही बाजू जुन्या ओल्या टूथब्रशने खरवडा, पातळ माती लावा आणि दाबून धरा. पोट दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर खालून चमच्याने कोरा. पंख्याखाली ठेवू नका. वर सैल वर्तमानपत्र झाका. पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात.

माझं ठाम मत असं की इतक्या लहान मुलांना साचा देऊच नये. प्लास्टर तर नाहीच. ते घट्ट होताना इतकं तापतं की हात भाजू शकतो. शिल्प म्हणजे चारी बाजूंनी बघायची वस्तू, हे त्यांना हातानेच कळतं. पिशवीत बटाटा, लसणाचा गड्डा, शंख घाला आणि न बघता चाचपायला लावा. माती पुठ्ठ्यावर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी पुठ्ठा पाव वळण फिरवायला सांगा, नाहीतर सगळे हत्ती चपातीसारखे आडवे पडतात.

सहल निघणार असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर बघा. ठाण्याला गाडी बदलली की झालं. मंदिर १०६० सालचं आहे, बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती आहेत. प्रदक्षिणा घालताना ‘कोण वाकलंय, कोण वळून बघतंय’ एवढंच विचारा.

आणि ऑफिसला नवा अर्ज कराल तेव्हा नुसतं ‘माती हवी’ असं लिहू नका. प्रत्येक ऑफिस वेगळं असतं, ऐकतीलच असं नाही. पण बादल्या किती, पाणी कुठे ओतणार, फरशी कोण पुसणार हे लेखी दिलं की नाही म्हणायला कारण उरत नाही.