सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग पोर असं का वागतंय?

कांदिवलीच्या एका ताईंचा मेसेज आलाय. मुलगा 17 चा, फुटबॉल खेळतो, हेडर मारायला उडी मारली आणि समोरच्या पोराच्या डोक्यावर डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण दोन महिने झाले तरी डोकं दुखतंय म्हणतो, ट्यूबलाइट बंद करून बसतो, कुणी काही विचारलं की अंगावर येतो, आणि डॉक्टर म्हणतात आता फुटबॉल नको. त्यांचा प्रश्न असा की "मॅडम हे खरंच दुखणं आहे का खेळ सुटला म्हणून नाटक चाललंय?"

नाटक नाहीये ताई. हे आधी सांगून टाकते कारण घरात हा शब्द एकदा उच्चारला गेला की पोरगं पुढचे सहा महिने काही सांगत नाही.

सीटी स्कॅन कशासाठी करतात, तर आत रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का ते बघायला. ते नाही म्हणजे जिवाचा धोका टळला, एवढंच. कनकशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, त्यात पेशींचं काम विस्कटतं आणि ते स्कॅनच्या फोटोत दिसत नाही. घरातला पंखा नीट फिरत नसेल तर घराचा फोटो काढून काय कळणार? बहुतेक जण दोन आठवड्यांत ते महिनाभरात बरे होतात, काहींचं मात्र महिनोन् महिने चालतं, डोकेदुखी, उजेडाचा त्रास, झोपेचे वांधे, चिडचिड, वाचलेलं लक्षात न राहणं. आणि हो, अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायचं हे जुनं झालं, आता पहिले एक-दोन दिवस आराम आणि मग झेपेल तेवढं चालणं-फिरणं असं सांगतात, तेव्हा दोन महिने खोलीत बसवलं असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांना परत दाखवा. (मार लागल्यावर सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, गुंगी यातलं काहीही असलं तर असले लेख वाचत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.)

पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो, आणि त्यासाठी सायलीची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरच्या बारीकसारीक गोष्टीही बदलल्यात.

सायली 20 ची, लोअर परळच्या चाळीतली. वडील बसवर कंडक्टर, आई पोळीभाजीचे डबे देते, आणि आजोबा एकेकाळी गिरणीच्या टीममधून कबड्डी खेळलेले, म्हणजे खेळ घरातलाच. ही कबड्डीत लेफ्ट कॉर्नर. आता कॉर्नरचं काम कसं असतं बघा, चढाई करणारी आत आली की खाली झेपावून तिचा घोटा धरायचा, म्हणजे पकड करणारीचं डोकं बरोबर समोरचीच्या गुडघ्याच्या उंचीला. समोरची सुटायला पाय झाडते आणि गुडघा कानशिलावर. चौदा महिन्यांत तीनदा. पहिल्यांदा कुणी मनावरच घेतलं नाही, पाणी मारलं डोक्यावर आणि परत आत. दुसऱ्या वेळेला सहाव्या दिवशी सेमी फायनल होती म्हणून उतरली, मळमळतंय हे कुणालाच सांगितलं नाही. खरंतर पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसणं हे क्वचित का होईना जिवावरसुद्धा बेतू शकतं, पण हे मैदानात कोण कुणाला सांगतं. तिसऱ्या वेळेला मॅटवरून उठली आणि स्वतःची टीम सोडून समोरच्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लोक हसले. तिला आजही ते हसणं आठवतं, मॅच आठवत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा या गोष्टीला पाच महिने झाले होते. काळा गॉगल लावून बसली. आई बोलत होती, "मॅडम नुसती बसून असते, चपात्या लाटायला घेतल्या तर चार लाटते आणि उठते, आणि रात्री दोनला गॅलरीत फेऱ्या मारते."

इथे माझी चूक सांगते. दुसऱ्याच सेशनला मी तिला विचारलं, मग आता पुढे काय, कोचिंग करशील? पंचांची परीक्षा देशील? मला वाटलं दिशा दाखवतेय. ती "हो बघते" म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही. इतकी वर्षं हे काम करूनही मी तेच केलं जे शेजारच्या काकू करत होत्या, मयताच्या घरी जाऊन तेराव्याच्या जेवणाचा मेनू विचारला.

परत आली ती आजोबांना घेऊन, कारण एकटीला ट्रेनने दादरला यायला गरगरतं. आजोबा बाहेर बसणार होते, मीच म्हटलं आत या. बोलता बोलता सायली म्हणाली की तिची किट बॅग अजून दाराशीच आहे, आई झाडताना उचलते आणि परत तिथेच ठेवते. मी विचारलं का गं, तर म्हणे "कोच सर बोललेत ना बरी झालीस की बघू, पप्पा पण बोलतात पुढच्या सीझनला बघू."

आणि आजोबा एकदम म्हणाले, "आमचा संप पण अजून मिटलेला नाही."

मला पटकन कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. 18 जानेवारी 1982, डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी कामगारांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. "पुढच्या महिन्यात भोंगा वाजेल, दिवाळीनंतर वाजेल, असं करत मी चार वर्षं दुसरी नोकरी धरली नाही. धरली तर भोंगा वाजेल तेव्हा काय करू, असं वाटायचं. कुणीतरी येऊन सांगायला पाहिजे होतं की बाबा संपलं, घरी जा. रडलो असतो, पण दुसऱ्या दिवशी कामाला लागलो असतो." आणि मग नातीकडे न बघता, "हिला पण कुणी सांगितलं नाही."

मी फाइल उघडली. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'अव्हॉइड कॉन्टॅक्ट स्पोर्ट्स'. डॉक्टरांच्या मनात काय ते स्पष्ट असणार, पण वडिलांनी त्याचा अर्थ लावला 'शक्यतो टाळा', तेलकट टाळा म्हणतात तसं. सरांनी लावला 'सध्या नको'. आईने काहीच लावला नाही, ती देवाला बोलून बसली. आणि सायली, जिला आतून कळलेलं होतं, ती रोज सकाळी उठून बॅगेकडे बघायची. परत जायचं म्हणून झोप नाही आणि जाता येणार नाही म्हणूनही झोप नाही.

तेव्हा मी समुपदेशन-बिमुपदेशन बाजूला ठेवलं आणि त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, प्रश्न कागदावर मराठीत लिहून. कायमचं बंद का काही महिन्यांसाठी? का? आणि दुखणं कमी व्हायला आत्ता काय करायचं? वडिलांनी स्वतःचा चौथा घातला, हेल्मेट घालून चालेल का. डॉक्टर म्हणाले हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. फॉर्म्युला वनच्या रेसर शूमाकरचं उदाहरण दिलं, 2013 ला फ्रान्समध्ये स्कीइंग करताना दगडावर डोकं आपटलं तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. आणि पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, कायमचं बंद, कारण दर वेळेला कमी जोराच्या माराने जास्त दिवसांचा त्रास होतोय. वडिलांनी तिथेच खिशातलं बॉलपेन काढून 'अव्हॉइड'च्या वर लिहिलं, 'बंद'. तो कागद मी पाहिलाय, पेन दाबून लिहिल्यामुळे मागच्या बाजूला उमटलंय.

त्या रात्री सायली खूप रडली, आई घाबरून मला फोन करत होती की मॅडम हे तर वाढलं. मी म्हटलं रडू दे, तुम्ही डाळ-भात लावा आणि जवळ बसा, समजूत काढू नका.

लगेच सगळं छान झालं असं अजिबात नाही. पुढचे दोन महिने राग होता, सरांवर, आईवर, मैत्रिणींवर ज्या ग्रुपवर प्रॅक्टिसचे फोटो टाकत होत्या. मीही ऐकून घेतलं. एकदा ती विल पुकोवस्कीची बातमी घेऊन आली, ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन, जानेवारी 2021 ला सिडनीत आपल्याविरुद्ध पदार्पणात 62 मारलेला, डोक्याला सारखा मार बसून 2025 ला 27 व्या वर्षी रिटायर झाला, आख्ख्या करियरमध्ये एकच टेस्ट. "मॅडम याच्याकडे तर सगळे डॉक्टर होते ना." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कमी पडले असं नाही." मी अशी उदाहरणं स्वतःहून देत नाही, समोरच्याला टोमणा वाटतो, पण तिने स्वतः शोधून आणलं तेव्हा कामाला आलं. आजोबांनी लगेच नरी कॉन्ट्रॅक्टर काढला, 1962, बार्बाडोस, ग्रिफिथचा बॉल डोक्यात, भारताचा कॅप्टन आणि त्यानंतर एकही टेस्ट नाही. दोघांचा हा खेळच झाला मग.

या सगळ्यात डोक्याचे उपचार चालू होतेच, चक्करेसाठी फिजिओचे व्यायाम, झोपेची वेळ ठरवणं, मोबाइल थोडा थोडा करून. मन आणि मेंदू यात कुठलं दुखणं कुणाचं हे वेगळं काढायच्या भानगडीत मी पडले नाही, दोन्हीकडून धरायचं. जगण्यात अर्थ नाही असं ती एकदा बोलली होती, तेव्हा मात्र थांबले नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ताई, तुमचा मुलगा असं काही बोलला तर तुम्हीही थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्री-अपरात्रीही लागतो.

नोकरीचं टेन्शन आईला होतं, खेळाडू कोट्यावर सगळी आशा होती ना. त्यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण हे आधी मिळवलेल्या कामगिरीवर असतं. अधिकृत स्पर्धेतलं नियमात बसणारं प्रमाणपत्र असेल तर त्याची पडताळणी करून घ्यायची. सायलीची फाइल आता त्या रांगेत आहे. पण हा विषय मी पाचव्या महिन्यात काढला, दुसऱ्या सेशनला नाही.

तर ताई, मुलाला खोलीतून बाहेर कसं काढू हे नंतर बघू. आधी घरातल्या सगळ्यांना वेगवेगळं विचारा, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते. माझी खात्री आहे, चार जण चार उत्तरं देतील. मग डॉक्टरांकडे मुलाला बरोबर घेऊन जा आणि त्याच्यासमोर विचारा, परत कधी, का कधीच नाही. तुमच्या मुलाला एकदाच लागलंय, त्याचं उत्तर सायलीसारखं नसेलही, टप्प्याटप्प्याने परत खेळता येईल असंही म्हणतील. पण जे असेल ते त्याला नीट कळू दे.

सायलीचा परवा फोन आला होता, मागे ढोल वाजत होते, मंडळाची प्रॅक्टिस. मी विचारलं आवाजाचा त्रास नाही होत? "होतो ना," म्हणाली, "अर्धा तास बसते आणि जाते वर. आजोबा पण कंटाळलेत."