वाचकांचे प्रश्न : डेकला भोक पाडण्याआधी साखळीची वाट मोजा

शिडाच्या बोटीवर नांगराची इलेक्ट्रिक विंच, म्हणजे साखळीसकट नांगर वर ओढणारे यंत्र, स्वतः बसवू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. विंच अडकते, दम टाकते, ब्रेकर पाडते, अशा तक्रारींच्या मुळाशी मोटर क्वचितच असते. साखळी कुठून येते, कुठे पडते आणि वीज किती लांबून येते, हे आधी मोजलेले नसते. म्हणून उत्तरांत मोजमापे जास्त आहेत.

प्रश्न : आमची बोट 10 मीटरची. नांगर 15 किलोचा, साखळी 8 मिमीची, 50 मीटर. आजवर हाताने ओढली, आता पाठ साथ देत नाही. 12 व्होल्टची विंच किती ताकदीची घ्यावी? उभी घ्यावी की आडवी?

ताकदीचा हिशोब सोपा आहे. 8 मिमीची साखळी मीटरला साधारण 1.4 किलो भरते. 50 मीटरचे 70 किलो, नांगर धरून 85. विंचची कमाल ओढ याच्या निदान तिप्पट, म्हणजे 255 किलो हवी. चौपट, 340 किलो, घेतलीत तर वारा असतानाही विंच धापा टाकणार नाही. माहितीपत्रकावर दोन आकडे असतात, ते नीट वाचा. कमाल ओढ म्हणजे मोटर थांबायच्या बेतात असतानाची ओढ; रोजच्या कामाची ओढ तिच्या साधारण एक तृतीयांश असते. एका कंपनीचा पहिला आकडा आणि दुसरीचा दुसरा, अशी तुलना करून बरेच जण फसतात. तुमच्या मापाला 700 ते 1000 वॉटची मोटर पुरते.

उभी की आडवी, हे मात्र साखळीच्या कप्प्याला विचारा. उभ्या विंचची मोटर डेकखाली लटकते. साखळी जिप्सीला, म्हणजे साखळी पकडणाऱ्या खाचांच्या चाकाला, जवळजवळ अर्धा वेढा घालते, त्यामुळे पकड उत्तम. पण मोटर कप्प्यातली जागा खाते. आडवी विंच सगळी डेकवर बसते, खाली फक्त साखळीचे भोक आणि केबल जातात. साखळीचा वेढा पाव चाकाएवढाच मिळतो.

आता खरे मोजमाप. सगळी साखळी विंच जिथे बसणार तिथून कप्प्यात सोडा. हाताने पसरू नका, पडेल तसा ढीग होऊ द्या. मग ढिगाच्या टोकापासून डेकच्या खालच्या बाजूपर्यंत पट्टी लावा. निदान 30 सेंमी मोकळे हवेत, 40 असतील तर निश्चिंत. कारण असे, की जिप्सीवरून सुटलेली कडी खाली खेचायला तिथे दुसरे कुणी नसते, खाली लोंबणाऱ्या साखळीचे वजनच ते काम करते. 30 सेंमी साखळीचे वजन जेमतेम 420 ग्रॅम! ढीग वर आला की तेवढेही उरत नाही, कड्या भोकातच एकमेकींवर चढतात आणि विंच घट्ट अडकते. अंतर कमी भरले तर डेकवर काही करण्याआधी कप्प्याचा तळ खाली नेता येतो का पाहा, किंवा विंच थोडी मागे, कप्पा खोल असेल तिथे घ्या. साखळीचे वजनही त्यामुळे नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागाच्या, टोकावरून मागे येते, हा वेगळा फायदा. भोकाखाली नळी लावून साखळी मागे न्यायची असेल तर नळी जितकी उभी तितकी बरी. तिरप्या नळीत गंजाळलेली साखळी घसरत नाही.

प्रश्न : आमच्या डेकच्या मध्ये बाल्सा लाकूड आहे. नुसती भोके पाडून बोल्ट आवळले तर चालेल का?

चालणार नाही. बोल्ट आवळताच मधला थर चेपतो, काही महिन्यांत बोल्ट सैल पडतो, त्याच्या कडेने पाणी झिरपते आणि बाल्सा आतल्या आत कुजतो. वरून पाय ठेवल्यावर डेक दबू लागेपर्यंत काही कळत नाही.

आधी विंचबरोबर आलेला कागदी साचा डेकला चिकटवा. नाळेच्या रोलरच्या खाचेतून जिप्सीपर्यंत दोरा ताणा. दोरा जिप्सीच्या खाचेत सरळ शिरला पाहिजे. वर-खाली किंवा बाजूला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर विंचखाली ठोकळा किंवा पाचर घालून उंची जुळवा. कप्प्याचे झाकण उघडते का, हातदांडा पूर्ण फिरतो का, खाली मोटर एखाद्या आडभिंतीला टेकते का, हेही याच वेळी पाहा. मग मध्यभागी 3 मिमीचे एकच भोक पाडून खालून खात्री करा. हे भोक चुकले तर बुजवता येते, 8 सेंमीचे चुकले तर डोक्याला हात.

8 मिमीच्या बोल्टसाठी 14 ते 16 मिमीचे भोक पाडा. साखळीच्या आणि मोटरच्या मोठ्या भोकांत कडेचा बाल्सा 10-15 मिमी आतपर्यंत खरवडून काढा. उघड्या लाकडाला आधी पातळ इपॉक्सी पाजा, ते प्यायले की सिलिका पावडर मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी भरा, इतके घट्ट की चमचा उपडा केला तरी ओघळू नये. एक पूर्ण दिवस वाळू द्या आणि मग 8.5 मिमीने पुन्हा भोक पाडा. आता बोल्ट लाकडातून जात नाही, इपॉक्सीच्या नळीतून जातो. डेकखाली 15 ते 18 मिमीच्या मरीन प्लायची, इपॉक्सीचे हात दिलेली पट्टी लावा, विंचच्या बैठकीपेक्षा चहूबाजूंनी 5 सेंमी मोठी.

सीलंट पॉलिसल्फाइड किंवा ब्युटाइल टेप वापरा. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन इथे नको, कारण दुरुस्तीसाठी विंच कधी ना कधी उचलावीच लागते, आणि मग तिच्याबरोबर डेकचा वरचा थर उखडून येतो. वरच्या भोकाची कड थोडी तिरपी खरवडा, म्हणजे बोल्टभोवती सीलंटची जाडसर कडी तयार होते. पाणी अडवते ती हीच. पॉलिसल्फाइड वापरले असेल तर नट आधी बेताने आवळा, सीलंट वाळल्यावर शेवटचा आटा द्या, आणि तेव्हा फक्त नट फिरवा. बोल्ट फिरला की ती कडी फाटते. बैठक अॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मध्ये गंजरोधक पेस्ट हवीच. नाहीतर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते.

प्रश्न : 1000 वॉटची विंच बसवली. बॅटरी बोटीच्या मध्यभागी, एका बाजूची केबल 8 मीटर, जाडी 16 चौरस मिमी. मोकळी छान फिरते, पण नांगर तळ सोडताना रडकुंडीला येते आणि ब्रेकर पडतो. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. मोटर बदलावी का?

मोटरला हात लावू नका. केबल बदला.

1000 वॉट भागिले 12, म्हणजे 83 अँपियर. ओझ्याखाली 100 धरा. वीज जाते 8 मीटर आणि परत येते 8 मीटर, म्हणून लांबी 16 मीटर. हा परतीचा प्रवास मोजायला विसरणे ही सगळ्यांत नेहमीची चूक. तांब्याच्या हिशोबाने 100 अँपियरला 16 चौरस मिमीच्या केबलमध्ये 1.75 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे साडेचौदा टक्के. 25 चौरस मिमीमध्ये 1.12 व्होल्ट, 35 मध्ये 0.8, 50 मध्ये 0.56. विंचसाठी 10 टक्क्यांची मर्यादा धरतात, पण जोड आणि ब्रेकरही आपला वाटा खातात. त्यामुळे 25 कागदावर बसली तरी घेऊ नका. 35 घ्या, जमल्यास 50.

बॅटरीचे 12.6 हे विंच बंद असतानाचे आहेत, त्यावरून काहीच कळत नाही. नांगर पाण्यात लोंबत असताना एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटरच्या धन टोकावर ठेवावी. मीटरच्या तारा लांब कराव्या लागतील. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या बाजूला वाया जात आहेत. ऋण बाजूलाही तसेच. प्रत्येक बाजू अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. जास्त दिसले तर सुई एकेक जोड पुढे सरकवत या. आकडा जिथे उडी मारेल तो जोड दोषी. विंच बंद करून लगेच त्या जोडाच्या लगला, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याला, हात लावला तरी तो गरम लागतो.

ब्रेकर का पडतो, तेही पाहा. ठरावीक वजन उचलायला मोटरला ठरावीक अँपियर लागतातच. व्होल्ट कमी मिळाले तर ती फक्त हळू फिरते, म्हणजे तेवढेच अँपियर जास्त वेळ खेचत राहते. थर्मल ब्रेकर अँपियर आणि वेळ दोन्हींनी तापतो, म्हणून पडतो. मोठा ब्रेकर लावणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने आधी केबल तापेल आणि मग मोटर जळेल. ब्रेकरचा आकडा विंचच्या पुस्तिकेतलाच घ्या, तो केबलला झेपणारा असावा आणि ब्रेकर बॅटरीपासून 20 सेंमीच्या आत असावा. इंजिनाच्या गरम खोलीत बसवलेला ब्रेकर वेळेआधी पडतो, हेही लक्षात ठेवा.

केबल कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. हातोडीने ठोकलेला लग आज घट्ट वाटतो, पण आत पोकळी राहते आणि खारी हवा तिथून शिरते. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. कंट्रोल बॉक्स साखळीच्या कप्प्यात लावू नका, पलीकडच्या कोरड्या बाजूला लावा. तो विकत घेण्याआधी मोटरला दोन टोके आहेत की तीन, ते मोजा. दोन टोकांच्या मोटरला ध्रुव उलटे करणारा बॉक्स लागतो, तीन टोकांच्या मोटरला वर आणि खाली यांची वेगळी जोडणी; एकाचा बॉक्स दुसऱ्याला चालत नाही. बटणांच्या तारांना 1.5 चौरस मिमी पुरते, पण त्यांना स्वतःचा छोटा फ्यूज द्या. काम झाले की मुख्य ब्रेकर बंद करायची सवय लावा. पायबटणाचे रबर फाटून आत पाणी गेले तर विंच कुणी न दाबता सुरू होते, आणि तेव्हा कुणाचा हात साखळीवर असेल ते सांगता येत नाही.

प्रश्न : 10 मिमीची नवी साखळी घेतली, विंचही 10 मिमीचीच. तरी साखळी जिप्सीवरून खटाखट उडते.

दोन्ही 10 मिमी असतील, पण कड्यांची लांबी वेगळी असणार. 10 मिमीच्या साखळीचे दोन प्रकार सर्रास मिळतात : डीआयएन 766 मध्ये कडीची आतली लांबी 28 मिमी, आयएसओ 4565 मध्ये 30. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. साखळी ताणून एका कडीच्या कडेपासून अकराव्या कडीच्या त्याच कडेपर्यंत मोजा. 280 मिमी भरले तर पहिला प्रकार, 300 भरले तर दुसरा. मग जिप्सीवर कोरलेले माप वाचा. जुळत नसेल तर साखळी परत करा किंवा जिप्सी बदला, घासून जुळवू नका. 8 मिमीला दोन्ही प्रकारांत 24 मिमीच असल्याने ही भानगड होत नाही, पण इंची मापाची 5/16 साखळी तिच्यासारखीच दिसते आणि तिथे हाच घोटाळा होतो. माप जुळूनही साखळी उडत असेल तर ती पिळलेली आहे का, आणि जिप्सीच्या खाचांच्या कडा गोल झाल्या आहेत का, ते पाहा.

प्रश्न : लांब केबल टाळण्यासाठी विंचजवळ वेगळी बॅटरी ठेवू का?

ठेवता येते, पण आम्ही सुचवणार नाही. नाळेत 20-25 किलो वाढतात, लाटांचे दणके बॅटरीला बसतात आणि तिला चार्ज करायला केबल लागतेच, शिवाय डीसी-डीसी चार्जरही. बॅटरी लिथियमची असेल तर तिच्या संरक्षक सर्किटची मर्यादा आधी तपासा. ती 100 अँपियर असेल, तर विंच अडकल्याच्या क्षणी बॅटरी स्वतःला बंद करून घेईल.

प्रश्न : नांगर टाकल्यावर रात्रभर साखळी विंचवरच राहू दिली तर बिघडते का? आणि साखळीचे आतले टोक कशाला बांधावे?

बिघडते. लाटेचा प्रत्येक हिसका गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर बसतो. साखळीला हूक लावून 8-10 मीटरचा, 12 मिमीचा नायलॉन दोर बोटीच्या भक्कम खुंटीला बांधा आणि विंचपुढची साखळी ढिली सोडा. नायलॉन ताणतो आणि हिसका गिळतो. नांगर उचलतानाही बोट विंचने ओढू नका. इंजिन चालू ठेवून सावकाश पुढे या, साखळी ढिली पडेल तशी आत घ्या. नांगर रुतला असेल तर साखळी स्टॉपरवर, म्हणजे डेकवरच्या साखळी अडवणाऱ्या खिळीवर, अडकवा आणि इंजिनाने सोडवा. या काळात अल्टरनेटरही बॅटरीला हातभार लावतो.

आतले टोक शॅकलने, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने, कप्प्यातल्या कडीला अडकवू नका. अचानक नांगर सोडून निघायची वेळ आली तर ताणाखालचा शॅकल उघडत नाही. तिथे मजबूत दोर बांधा, सगळी साखळी बाहेर गेल्यावर त्याचा एखादा हात डेकवर येईल इतका लांब, म्हणजे तो वरूनच सुरीने कापता येतो.