कोणत्या देशाची सार्वजनिक आरोग्यसेवा सर्वांत चांगली, हे कसे ठरवावे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: कोणत्या देशाची सरकारी आरोग्यसेवा सर्वांत चांगली, आणि एका यादीत वर असलेला देश दुसऱ्या यादीत खाली का दिसतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कळले की पहिला प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावासा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2000 सालच्या अहवालात 191 देशांची क्रमवारी लावली होती. त्यात फ्रान्स पहिला, इटली दुसरा आणि आरोग्यावर दरडोई सर्वाधिक खर्च करणारी अमेरिका 37वी होती. लोकांचे आरोग्य, खर्चाचा भार कोणावर किती पडतो, रुग्णाला मिळणारी वागणूक अशा भिन्न गोष्टींना गुण देऊन त्यांची एकच बेरीज केलेली होती, आणि कशाला किती महत्त्व द्यायचे हे बदलले की क्रमही बदलत असे. टीका इतकी झाली की संघटनेने अशी क्रमवारी पुन्हा काढली नाही. पुढे 2014 मध्ये कॉमनवेल्थ फंड या अमेरिकी संस्थेने 11 श्रीमंत देशांची तुलना केली, तेव्हा ब्रिटन एकंदरीत पहिला आला. पण लोक किती निरोगी जगतात, या एका रकान्यात तोच ब्रिटन दहावा होता. तेव्हापासून मी नुसता क्रमांक पाहून मत बनवत नाही.

सरासरी आयुर्मानावरही मी फार भिस्त ठेवत नाही, कारण त्यात तंबाखू, रस्त्यावरचे अपघात, पिण्याचे पाणी, गरिबी हे सगळे मिसळलेले असते. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर टळले असते, असे मृत्यू वेगळे काढून मोजावेत, ही कल्पना 1976 मध्ये डेव्हिड रुटस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि आरोग्यसेवा जोखण्यासाठी मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. बाळंतपणातला रक्तस्राव, अपेंडिक्स, क्षयरोग यांनी आज कोणी दगावत असेल, तर व्यवस्थेत कुठे तरी खोट आहे.

मात्र हे मोजमाप मृत्यूच्या नोंदीवर उभे असते, आणि नोंद कशी होते ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षे माझे काम रुग्णालयातील नोंदी तपासण्याचे होते. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर एकाखाली एक ओळी असतात: वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे उद्भवले, आणि शेवटी मूळ आजार. आकडेवारीत धरायचा असतो तो मूळ आजार. तरी कित्येक कागदांवर वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असे आणि खालच्या ओळी कोऱ्या असत. हृदय शेवटी प्रत्येकाचेच बंद पडते. मधुमेहाने पाय सडून, जंतुसंसर्ग रक्तात पसरून गेलेली बाई त्या कागदावर हृदयविकाराची रुग्ण ठरते, आणि तिचा पाय वेळीच कोणी का तपासला नाही, हा प्रश्न तिच्याबरोबरच संपतो. ज्या देशात अशा कोऱ्या ओळी जास्त, त्या देशाचे आकडे दुसऱ्याच्या शेजारी ठेवताना मला फार जपावेसे वाटते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, देश घेण्याऐवजी एक आजार घ्यावा आणि त्या रुग्णाचे प्रत्येक ठिकाणी काय होते ते पाहावे. इन्सुलिनवर जगणारा मधुमेही घेऊ. ब्रिटनची सेवा 5 जुलै 1948 पासून मुख्यतः करांच्या पैशावर चालते. इंग्लंडमध्ये इतरांना औषधाच्या चिठ्ठीमागे शुल्क पडते, पण या रुग्णाला ते माफ आहे. जपानमध्ये 1961 पासून सर्वांना विमा आहे. बहुतेक प्रौढ खर्चाचा 30 टक्के वाटा स्वतः भरतात, परंतु उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. कॅनडात डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात उपचारांचे पैसे द्यावे लागत नाहीत, पण घरी घ्यायची औषधे राष्ट्रीय हमीच्या बाहेरच राहिली आणि ज्याच्या-त्याच्या प्रांतावर व नोकरीतल्या विम्यावर सोडली गेली. इन्सुलिनचा शोध 1921 मध्ये टोरांटोत लागला आणि संशोधकांनी त्याचे पेटंट नाममात्र डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले, हे लक्षात घेतले की ही उणीव अधिकच टोचते. मधुमेहाची औषधे पुरवण्यासाठी प्रांतांशी करार करण्याची तरतूद तिथे 2024 च्या कायद्याने झाली.

पैसे लागत नाहीत याचा अर्थ उपचार लगेच मिळतात असाही नाही. इंग्लंडमध्ये तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी 18 आठवड्यांचे उद्दिष्ट आहे आणि ते कित्येक वर्षे पाळले गेलेले नाही. गुडघा बदलण्याची वाट पाहणाऱ्याला हा काळ पायऱ्या चढताना मोजावा लागतो, आणि तोही दर्जाचाच भाग आहे.

श्रीमंत देशांपुरतीच तुलना मात्र करू नये. थायलंडने 2002 पर्यंत सर्व नागरिकांना उपचारखर्चापासून संरक्षण दिले, ते एका भेटीला 30 बाथ (बाथ हे तिथले चलन) या योजनेमुळे जगाला माहीत झाले. त्यामागे आधीची काही दशके जिल्ह्याजिल्ह्यांत उभारलेली रुग्णालये आणि नव्या डॉक्टरांना सक्तीची केलेली ग्रामीण सेवा होती. तो पाया नसता तर 30 बाथ घ्यायला तिथे डॉक्टरच नसता. सुरुवातीला या योजनेत डायलिसिस नव्हते, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्या गरिबाला ती कागदावरच होती. 2008 मध्ये डायलिसिसचा समावेश झाला आणि दवाखाना दूर असलेल्यांना घरीच करता येईल अशा, पोटाच्या पडद्यातून होणाऱ्या डायलिसिसला प्राधान्य दिले गेले.