प्रश्न तुमचे : एक मोबाइल आणि तिसरीचा वर्ग

प्रश्न : तिसरीत २८ मुलं आहेत, घरी सगळी अहिराणी बोलतात. अक्षराला अक्षर जोडून वाचतात, पण काय वाचलं विचारलं की गप्प. शाळेतला टीव्ही बंद आहे. माझा मोबाइल आणि एक छोटा स्पीकर आहे. एवढ्यावर काय करता येईल?
— शिक्षिका, साक्री (जि. धुळे)

उत्तर : टीव्हीचं वाईट वाटून घेऊ नका. या कामाला पडदा नाही, रेकॉर्डर लागतो.

सात-आठ मुलांचा गट घ्या, बाकीच्यांना लेखन द्या. ओळखीचा एकच फोटो दाखवा, समजा केळीचे घड भरणारा ट्रक. ‘काय दिसतं?’ विचारलं तर मुलं वस्तूंची यादी म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं. ‘घडांखाली पाला कशाला घातलाय?’ असं विचारा आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबा. बहुतेकदा आपणच घाईनं उत्तर देऊन मोकळे होतो. आधी जोडीत दोन मिनिटं, मग गटात बोलू द्या. तीच चार मुलं बोलत असतील तर प्रत्येकाला दोन चिंचोके द्या. बोललं की एक मध्ये टाकायचा. संपले की फक्त ऐकायचं.

अहिराणीत बोलू द्या आणि त्यातली दोन मिनिटं रेकॉर्ड करा. जास्त केलं तर परत ऐकायला तास पुरत नाही. आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमका मध्येच कुणाचा तरी फोन येतो. बाकावर ठेवलात तर बाकाची खडखडच जास्त येते. घडी केलेल्या टॉवेलवर, गटाच्या मधोमध ठेवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा व्हरांडा बरा.

मग ते स्पीकरवर थांबवत थांबवत ऐकवा आणि त्यातली पाच वाक्यं फळ्यावर घ्या. आधी मुलाच्या तोंडची, ‘मन्ही माय वावरमा गई’; तिच्याखाली ‘माझी आई शेतात गेली’. वाक्य त्याचंच असल्यानं अर्थ त्याच्याजवळ आधीच असतो, फक्त अक्षरं ओळखायची उरतात. बोलीतली ओळ पुसायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी हीच वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर द्या. रेकॉर्डिंग ऐकत पट्ट्या क्रमानं लावायच्या. गडबड होते ती यानंतर. मुलं फळ्याकडे न बघता घडाघडा ‘वाचू’ लागतात. ते पाठांतर असतं. एका पट्टीत ‘आई’च्या जागी ‘आजी’ लिहा. तरीही ‘आई’च म्हणणारा आठवून बोलतोय, थबकून ‘आजी’ म्हणणारा वाचतोय.

वेग मोजायची घाई नको. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द सांगितले आहेत खरे, पण ‘अर्थासह’. ते निम्मं वाक्य बैठकांत गळून पडतं.

आणि हो, मुलांचे आवाज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : मुलगी वाचनाच्या ॲपवर ‘डोळा’ला ‘डोया’ वाचते. ॲप चूक दाखवतं, ती रडकुंडीला येते.
— पालक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : अर्थ विचारल्यावर स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवत असेल तर तिचं वाचन बरोबर आहे. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. ॲप फक्त आवाज प्रमाण उच्चाराशी ताडून बघतं. वाचताना टोकू नका. ‘ळ’चे पाचेक शब्द वेगळ्या वेळी, खेळता खेळता म्हणून घ्या. शेजारी टीव्ही किंवा धाकटा भाऊ बोलत असला तरी ॲप गोंधळतं, हेही तपासा. दहा मिनिटं पुरेत, आणि प्रत्येक पानानंतर एक प्रश्न तुम्ही विचारा.

प्रश्न : आमच्या पाड्यावर रेंज नाही, मुलं पावरी बोलतात. पुस्तकं कुठून आणू?
— शिक्षक, धडगाव (जि. नंदुरबार)

उत्तर : ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. तालुक्याला गेलात की पीडीएफ उतरवून ठेवा. पहिल्या पातळीपासून सुरू करा, तिथं पानावर वाक्यं थोडी आणि चित्र मोठं असतं. लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवून भाषांतर करायला तिथं परवानगी आहे. एखाद्या पालकाला गोष्ट पावरीत सांगायला लावा, रेकॉर्ड करा, आणि छापील पानावर मराठी ओळीखाली ती देवनागरीत चिकटवा. चिकटवण्याआधी त्याच पालकाला वाचून दाखवा. ऐकून लिहिताना शब्दांच्या शेवटांची हमखास गफलत होते.