रेडिओतल्या मुंग्या

सूनबाईंनी पिशवीतून एक जुना ट्रान्झिस्टर काढून माझ्या टेबलावर ठेवला. तपकिरी कातडी कव्हर, पट्ट्याचं बटण तुटलेलं आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली. "उघडून बघा, मॅडम." पिन काढली. कव्हर आणि रेडिओच्या मधल्या फटीत कागदात गुंडाळलेला अर्धा पेढा होता, मुंग्या लागलेला.

"बाबांच्या टेबलावर मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा कळलं. आम्ही आपले म्हणतोय, एवढं पथ्य आहे तरी त्यांची शुगर उतरत का नाही! आता तुम्हीच सांगा, चोरून खाणाऱ्या माणसाला आवरायचं कसं?"

मी समुपदेशक आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. कधी सासरे असतात, कधी आई, कधी नवरा. खाणारा माणूस बहुधा सोबत आलेलाच नसतो. या कुटुंबाने परवानगी दिली म्हणून त्यांची हकीकत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी आधी पहारा कसा चालतो ते विचारलं. गोडाचे डबे माळ्यावर गेले होते. आठ वर्षांच्या नातवाला सांगून ठेवलं होतं, आजोबांनी काही खाल्लं की पप्पांना सांगायचं. रविवारी ऐरोलीहून मुलगी-जावई येत, घर भरे. त्या दिवशी सासऱ्यांना, म्हणजे मी ज्यांना काका म्हणते त्यांना, साडेबारालाच जेवायला बसवत, बाकीची पंगत दीडला. "समोर गोड दिसलं की त्यांना त्रास होतो ना, म्हणून." हे सांगताना त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. माझ्याकडे येणारी बहुतेक घरं प्रेमाचीच असतात, म्हणून तर पहारा इतका कडक होतो.

पुढच्या आठवड्यात काका एकटे आले. वय अडुसष्ट, मूळ गाव माण तालुक्यात. वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून आयुष्य गेलं. खुर्चीत बसले ते चपला काढून, पाय जवळ घेऊन, शाळेत हेडमास्तरांसमोर बसावं तसे. मी पेढ्याचा विषय काढलाच नाही, रेडिओबद्दल विचारलं. माणूस एकदम सैलावला.

"विविध भारती आणि मी एकाच वर्षाचे, ताई. १९५७. ती ३ ऑक्टोबरची, मी दिवाळीतला." मग कामगार वस्तीतली पहिली खोली निघाली, पहिल्या बोनसात घेतलेला हा ट्रान्झिस्टर निघाला. रात्री दहाला 'छायागीत' लागायचं तेव्हा बायको भांडी आवरून शेजारी येऊन बसायची. ताटलीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. रेडिओ अजून दहाला लागतो.

त्यांच्या हातात मी एक साधी वही दिली. आठवडाभर गोड खावंसं वाटलं की वेळ लिहायची, जवळ कोण होतं ते लिहायचं आणि पोटात भूक होती का तेही. खाल्लं तर खाल्लं म्हणून लिहायचं. वही घरात कोणी वाचणार नाही, हे मुलाकडून आधी कबूल करून घेतलं. सात दिवसांत नऊ नोंदी आल्या. त्यातल्या सहा रात्री दहानंतरच्या. 'भूक?' पुढे सहाही ठिकाणी 'नाही'. एक नोंद रविवारची, पावणेएकची: 'सगळे बाहेर हसत होते.'

ती ओळ मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. वाचली, आणि बराच वेळ गप्प राहिले. मग बहात्तर सालच्या दुष्काळाचं सांगू लागले. तेव्हा हे पंधरा वर्षांचे. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा गोड कोरडा खाऊ मिळायचा. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायची, याला घराच्या मागे न्यायची आणि म्हणायची, "गुपचूप खा, कुणाला दावू नको." सांगताना त्यांनी पँटच्या कापडाची चिमूट धरून गाठ सोडण्याची खूण केली, तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती.

इथे मला एक सांगायचं आहे. अशी आठवण हाती लागली की समुपदेशकाला मोह होतो, सगळं कोडं तिथेच सुटलं म्हणायचा. मला ते पटत नाही. त्या पिढीतल्या लाखोंनी मिलो खाल्ला, रेशनच्या साखरेसाठी रांगा लावल्या, सगळेच काही पेढे लपवत नाहीत. पण लपून खाण्यात या माणसाला लाजेइतकीच माया का वाटते, हे मला त्या गाठीमुळे समजलं. आजचं दुखणं मात्र आजचं होतं: रात्री दहाचं एकटेपण आणि रविवारी आधी उरकलेलं ताट.

तिसऱ्या बैठकीला सगळे आले. मी मुलाला विचारलं, "डॉक्टरांना काय सांगता?" म्हणाला, "पथ्य कडक आहे, गोड पूर्ण बंद." ह्यातला धोका समजावून सांगायला मी पाऊण तास घेतला, आणि तो वेळ सार्थकी लागला असं मला वाटतं. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ती चढलेली दिसली आणि पथ्य कडक आहे असं कानावर आलं, तर डॉक्टर काय करणार? गोळी वाढवणार. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन अशी आहेत की जेवण कमी पडलं तर साखर फार खाली आणतात. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं. त्या क्षणी तर माणसाला ताबडतोब साखर द्यावी लागते. म्हणजे लपवलेल्या पेढ्यापायी गोळी वाढते, आणि ज्या दिवशी पेढा मिळत नाही त्या दिवशी तीच गोळी भारी पडते. खाण्याइतकीच ही लपवाछपवी घातक आहे.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "परवा पहाटे त्यांना घाम आला होता. आम्हाला वाटलं, उकाडा." त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं ठरलं. काका स्वतः बोलणार होते, मुलगा फक्त सोबत.

मग 'चोरून' हा शब्द मी त्या घरातून काढायला लावला. ज्या माणसाने हे घर उभं केलं, तो स्वतःच्या पेन्शनमधून पेढा आणतो त्याला चोरी म्हणत नाहीत. नातवाची हेरगिरी बंद, यावर मी अडूनच बसले. त्या पोराला आजोबा हवेत, आजोबांवर नजर ठेवायचं काम नको. रविवारी सगळ्यांची एकच पंगत, आणि काकांची जागा पहिल्यापासून होती तीच, खिडकीजवळची.

काय आणि किती खायचं हे माझं काम नाही, त्यासाठी मी त्यांना आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे ठरलं ते असं: सणाला किंवा रविवारी गोड घ्यायचं असेल तर जेवणाच्या शेवटी, दोन चमचे, आणि त्या दिवशी भात सोडायचा. उपाशीपोटी एकटं गोड कधीच नाही. जेवणानंतर दोन तासांनी काकांनी स्वतः ग्लुकोमीटरवर साखर किती ते बघायचं आणि स्वतःच वहीत लिहायचं. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं. चालण्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात, चढ कमी राहतो. घर तलावपाळीपासून जवळ, त्यामुळे ते सोपं गेलं. प्रत्येक मधुमेह्याला हेच माप चालेल असं नाही, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नका.

राहिला रात्री दहाचा प्रश्न. मुलगी म्हणाली, "मी रोज फोन करीन." काका लगेच म्हणाले, "रोज नको, तुला ओझं होईल." शेवटी नातवानेच सोडवलं. शाळेला सुट्टी असेल त्या रात्री तो आजोबांशेजारी 'छायागीत' ऐकायला बसू लागला. ताटलीत थोडे भाजलेले शेंगदाणे, गूळ नाही. बाकीच्या रात्री काका एकटेच ऐकतात, आणि त्यातल्या काही रात्री जड जातात. बायको गेल्याचं दुःख अजून पुरतं बाहेर आलेलं नव्हतं, त्यासाठी आम्ही पुढे आणखी पाच वेळा भेटलो. पेढ्याइतकाच तोही विषय होता, खरं तर जास्त.

तुमच्याही घरात असं कोणी असेल तर डबे हलवण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, कुठल्या वेळी खावंसं वाटतं? उत्तर येईपर्यंत थांबा. आणि भूक नसताना भरमसाट खाणं, खाल्ल्यावर स्वतःची किळस येणं, किंवा कशातच मन न लागणं असं आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

तीन महिन्यांनी एचबीए१सीचा आकडा उतरला, डॉक्टरांना हवा होता तेवढा नाही. गणपतीत घडी विसकटली. दीड दिवसाचा गणपती, घरात पंचवीस माणसं, उकडीचे मोदक. सूनबाईंचा मला फोन आला, घाबरलेला. मी म्हटलं, "वही काय म्हणते?" त्यांनी काकांना विचारून वही उघडली आणि फोनवरच वाचली: 'मोदक ३. दोन ठरले होते. तिसरा सर्वांसमोर मागून घेतला. दोन तासांनी साखर २३८. तलावपाळीला दोन फेऱ्या.'